गाडी, होडी आणि दिंडीच्या टेम्पोसाठी डीप-सायकल बॅटरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात आता कॅम्पर गाड्या दिसू लागल्या आहेत. कुणी जुनी ट्रॅव्हलर घेऊन आत झोपायची सोय करतं, कुणी डिकीत छोटा फ्रिज बसवून वेरूळ, अजिंठा करत थेट कोकणात उतरतं. नाथसागरावर होडीला विजेची मोटर लावायची म्हणून विचारणारे आहेत. आणि आषाढीच्या आधी दिंडीचा टेम्पो दुकानासमोर उभा करून “माऊली, लाइट आणि स्पीकरची सोय करा” म्हणणारे तर दरवर्षीचेच. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: किती एएचची घेऊ? (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप.) त्याचं उत्तर द्यायला मला आधी दोन गोष्टी कळाव्या लागतात. रोज बॅटरीतून किती काढणार, आणि काढलेलं परत कशाने भरणार. दुसऱ्या प्रश्नाचा विचार फार कमी लोक करून येतात, आणि बॅटऱ्या बहुतेक तिथेच मरतात.

डीप-सायकल बॅटरी म्हणजे नेमकं काय? माझ्याकडे ट्रकची १५० एएचची बॅटरी पडून आहे, ती नाही का चालणार?

नाही चालणार. लावली तर पहिले काही दिवस चालल्यासारखी वाटेल, मग एका हंगामात बसेल.

ट्रकच्या बॅटरीचं काम इंजिन फिरवणं. दोन-चार सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरने ते भरून द्यायचे. त्यासाठी तिच्यात पातळ प्लेटा जास्त संख्येने घातलेल्या असतात, म्हणजे अ‍ॅसिडला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. अशी बॅटरी रात्रभर पंखा चालवून खाली उतरवली की प्लेटांवरचं मटेरियल सुटून तळाशी गाळ साचतो. डीप-सायकल बॅटरीच्या प्लेटा जाड असतात. ट्यूब्युलरमध्ये तर पॉझिटिव्ह प्लेट म्हणजे शिशाच्या काड्या आणि त्यांच्याभोवती पॉलिएस्टरच्या नळ्या असतात, मटेरियल त्या नळ्यांत धरून ठेवलेलं असतं. शंकरपटात पळणारा बैल वेगळा आणि दिवसभर औत ओढणारा वेगळा, तसंच हे आहे.

उलटही लक्षात ठेवा. इंजिन सुरू करायला गाडीची स्वतःची बॅटरी वेगळीच राहू द्या. आतल्या पंखा-दिव्यांचा लोड आणि स्टार्टर एकाच बॅटरीवर टाकलात तर सकाळी कुठल्यातरी घाटात गाडी ढकलायची वेळ येते.

मग किती एएच? सरळ आकडा सांगा.

सरळ आकडा तुमच्या लोडमधून निघतो. कागद-पेन घ्या. प्रत्येक वस्तूचे वॅट गुणिले रोजचे तास, म्हणजे वॅट-तास.

समजा लातूरचं चौघांचं कुटुंब आहे. दहा वॅटचे दोन एलईडी पाच तास: १०० वॅट-तास. तीस वॅटचा पंखा दहा तास: ३००. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना पन्नासेक वॅट घेतो आणि उन्हाळ्यात निम्मा वेळ चालूच असतो: ६००. चार मोबाइल: ६०. पाण्याचा छोटा पंप: २०. बेरीज १,०८०, धरून चला ११००. यातला निम्म्याहून जास्त भाग एकट्या फ्रिजचा आहे. तो नको असेल तर बॅटरी निम्मी होते, हे घरात आधी बोलून घ्या.

आता ११०० भागिले १२ म्हणजे ९२ एएच रोज. लेड-अ‍ॅसिड, म्हणजे शिशाच्या प्लेटा आणि अ‍ॅसिडवाली बॅटरी निम्मीच वापरायची (कारण पुढच्या प्रश्नात), म्हणून १८४, म्हणजे बाजारातल्या शंभराच्या दोन मिळून २०० एएच. लिथियम ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते आणि तिचं नाममात्र व्होल्टेज १२.८ असतं, म्हणून १०५ ते ११० एएच पुरतात. हा एका दिवसाचा हिशेब झाला. ढगाळ दिवसासाठी राखीव हवं असेल तर त्यावर वाढवा.

निम्मीच वापरायची तर पूर्ण बॅटरीचे पैसे का द्यायचे?

लेड-अ‍ॅसिड जितकी खोल उतरवाल तितकी तिची आयुष्याची चक्रं (एकदा उतरवून परत भरली की एक चक्र) कमी होतात, म्हणून. रोज ८० टक्के काढणाऱ्याची बॅटरी रोज ५० टक्के काढणाऱ्याच्या बॅटरीच्या बरीच आधी जाते. कधीतरी अडचणीला ८० टक्के काढली तर काही बिघडत नाही, पण त्याच दिवशी पूर्ण चार्ज करा. उतरलेली बॅटरी दोन-तीन आठवडे तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात. ते नंतर चार्जिंगने सुटत नाहीत. “डेड” म्हणून दुकानात येणाऱ्या बॅटऱ्यांपैकी कितीतरी अशाच असतात, त्यांना नुसतं उपाशी ठेवलेलं असतं.

स्टिकरवर सी-१०, सी-२० असं लिहिलेलं असतं. त्याने काय फरक पडतो?

बराच पडतो. सी-२० म्हणजे वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळणारी क्षमता, सी-१० म्हणजे दहा तासांत. तीच बॅटरी जितक्या घाईने उपसाल तितकी कमी देते. हा नियम १८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पॉइकर्ट यांनी मांडला आणि लेड-अ‍ॅसिडला तो आजही लागू आहे. घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांवर साधारण सी-२० चा आकडा असतो, सोलरच्या बॅटऱ्यांवर सी-१० चा. म्हणून “दोन्ही १५० एएच, मग स्वस्त ती द्या” असं करू नका. सी-१० ला १५० देणारी बॅटरी प्रत्यक्षात मोठी असते. लिथियमला हा फरक फारच थोडा जाणवतो. होडीच्या मोटरसारखा जड लोड असेल तिथे तिचा खरा फायदा दिसतो.

ट्यूब्युलर, एजीएम, जेल की लिथियम? तुम्ही काय घ्याल?

इथे मी गुळमुळीत बोलणार नाही.

उंच ट्यूब्युलर, म्हणजे आपल्या घरोघरी इन्व्हर्टरखाली असते ती, शेतातल्या खोलीला उत्तम. गाडीत मी बसवत नाही. ती एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली असते. भरल्यावर पन्नास-साठ किलो वजन, उंच डबा, वळणावर डोलणार, आणि खड्ड्यात अ‍ॅसिड झाकणातून वर येणार. ज्यांनी आपल्या भागातले जिल्हा रस्ते पावसाळ्यानंतर पाहिले आहेत त्यांना जास्त सांगायला नको.

बजेट कमी असेल तर ई-रिक्षाची बॅटरी बघा. रोज खोल उतरायचं, रोज धक्के खायचे, याच कामासाठी ती बनते. पाणी टाकावं लागतं आणि गॅस सोडते, म्हणून बाहेरून हवा खेळणाऱ्या कप्प्यात बसवा. दिंडीच्या टेम्पोला, सामानाच्या गाडीला मला हा सौदा पटतो.

एजीएम, म्हणजे काचेच्या तंतूंच्या चटईत अ‍ॅसिड शोषून ठेवलेली लेड-अ‍ॅसिड, सीलबंद असते, पाणी टाकायचं नाही, आडवी झाली तरी अ‍ॅसिड सांडत नाही. माणसं झोपतात त्या गाडीत किंवा होडीत लेड-अ‍ॅसिडच हवी असेल तर एजीएम घ्या. जेल, म्हणजे अ‍ॅसिड जेलीसारखं घट्ट केलेली, खोल डिस्चार्जला चांगली, पण जास्त व्होल्टेज सहन करत नाही. साध्या चार्जरने आतल्या जेलमध्ये पोकळ्या पडतात आणि त्या भरून येत नाहीत.

लिथियममध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटच मागा. शंभर एएचची बॅटरी साधारण अकरा ते तेरा किलोची, चक्रं हजारांत, आणि अर्धवट चार्ज राहिली तरी तिला काही त्रास होत नाही. हा शेवटचा गुण सगळ्यात मोठा आहे, पण जाहिरातीत त्याबद्दल कुणी बोलत नाही. आषाढ-श्रावणात सोलर पूर्ण भरत नाही. लेड-अ‍ॅसिड तशा दिवसांत सल्फेट धरते, लिथियम वाट पाहते. खरेदीला दुप्पट किंवा त्याहून जास्त पैसे जातात, हे खरं. वर्षातले बरेच दिवस गाडीत राहणार असाल तर मी लिथियमच घ्या म्हणेन. दिवाळी आणि मे अशा दोनच सहली असतील तर एजीएमवर भागतं.

आपल्याकडच्या उन्हाचा बॅटरीवर किती परिणाम होतो?

मराठवाड्यात बॅटरी घेणाऱ्याने बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचावं.

बॅटरीचे आकडे २५ किंवा २७ अंश तापमानाला मोजलेले असतात. लेड-अ‍ॅसिडचा ढोबळ नियम असा की तापमान कायम दहा अंश जास्त राहिलं तर आयुष्य जवळपास निम्मं होतं. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा चाळिशीच्या पुढेच असतो, आणि उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे कंपनीने छापलेलं आयुष्य तुम्हाला मिळावं असं वाटत असेल तर जागा निवडण्यात कष्ट घ्या. सायलेन्सरच्या बाजूला नको, इंजिनच्या भिंतीला टेकून नको, पश्चिमेचं ऊन थेट पत्र्यावर येतं त्या बाजूला नको. सीटखाली, जमिनीलगत, दोन्ही बाजूंनी जाळी ठेवून. गाडी उभी करताना सावली आधी स्वतःसाठी शोधतो, तशी बॅटरीची बाजूही बघा.

दुसरी गोष्ट चार्जिंगची. लेड-अ‍ॅसिडला गरमीत कमी व्होल्टेजने चार्ज करायचं असतं. प्रत्येक सेलला दर अंशाला तीन ते चार मिलिव्होल्ट कमी. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, म्हणजे २५ अंशाला १४.४ व्होल्ट असेल तर ४० अंशाला १४.१ च्या आसपास पुरतात. सोलर आणि बॅटरीच्या मधल्या चार्ज कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर असेल तर हे आपोआप होतं. ती छोटी वायर बॅटरीच्या अंगाला चिकटवायची असते. बरेच फिटर ती खोक्यातच ठेवून देतात! नसेल लावली तर उन्हाळ्यात बॅटरी उकळत राहते, पाणी भराभर आटतं आणि प्लेटा उघड्या पडतात.

लिथियमला ही तापमानाची भरपाई नको असते, कंट्रोलरमध्ये ती बंद करा. पण उष्णतेचा त्रास तिलाही होतो. आतली बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, ठरावीक तापमानाच्या वर चार्जिंग थांबवते. “दुपारी सोलर चालू असूनही चार्ज घेत नाही” अशी तक्रार आली की मी आधी बॅटरीला हात लावून बघा म्हणतो.

मीटरवर फुल चार्ज होऊनही १२.५ च दाखवतंय. बॅटरी खराब आहे का?

बहुतेक नाही. इंटरनेटवर १२.७ म्हणजे फुल असा तक्ता फिरतो. तो १.२६५ च्या आसपास ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत अ‍ॅसिडचा दाटपणा, असलेल्या बॅटरीचा आहे. उष्ण भागासाठीच्या आपल्या ट्यूब्युलरमध्ये अ‍ॅसिड थोडं पातळ ठेवतात, फुल चार्जला ग्रॅव्हिटी १.२४० च्या आसपास. पातळ अ‍ॅसिडने प्लेटा कमी झिजतात. अशी बॅटरी चार्जिंग काढून काही तास विसावल्यावर साधारण १२.५ दाखवते, आणि तीच तिची फुल चार्जची खूण. निम्मी झाली की १२.१ च्या आसपास येते. पाणी टाकायच्या बॅटरीला ग्रॅव्हिटी मोजणारा हायड्रोमीटर लावून सहाही सेल बघा. पाच सेल सारखे आणि एक खूप खाली असेल तर तो सेल बसला असं समजा.

लिथियमचं व्होल्टेज बघून काहीच कळत नाही. भरलेली असो की बरीच वापरलेली, बराच वेळ १३.१ ते १३.३ च्या दरम्यानच रेंगाळते आणि शेवटी एकदम कोसळते. तिला शंटवाला मीटर लावा, जो आत किती गेलं आणि बाहेर किती आलं ते मोजतो. ब्लूटूथवाल्या बीएमएसमध्येही हे दिसतं.

बोअरचं पाणी उकळून, गाळून टाकलं तर चालतं का? आरओचं?

नाही. उकळल्याने पाणी कमी होतं, क्षार तेवढेच राहतात. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, कुठे लोह. घरातल्या बादलीवर आणि गिझरवर जो पांढरा थर धरतो तोच बॅटरीत जातो. आरओ क्षार कमी करतो, संपवत नाही. बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस १०६९ हे भारतीय मानक आहे, त्याप्रमाणेचं डिमिनरलाइज्ड किंवा डिस्टिल्ड वॉटर पंपावर नाहीतर बॅटरीच्या दुकानात सहज मिळतं.

पाणी चार्जिंगनंतर टाका, आधी नाही. चार्ज होताना पातळी वर येते, आधी काठोकाठ भरलं तर अ‍ॅसिड बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या दिसत असतील तेवढ्याच झाकतील इतकं आधी टाकायला हरकत नाही. उन्हाळ्यात महिन्याच्या आत एकदा झाकणं उघडून बघाच. आणि अ‍ॅसिड कधीही वरून टाकू नका, “पॉवर वाढते” असं कुणी कितीही सांगितलं तरी.

छतावर सोलर किती वॅटचं बसवू?

मराठवाड्यात स्वच्छ दिवशी १०० वॅटच्या पॅनेलमधून, ते छतावर सपाट असेल तर, ४०० वॅट-तासांच्या आसपास धरा. वरच्या लातूरच्या कुटुंबाचे ११०० वॅट-तास. लेड-अ‍ॅसिडमध्ये भरताना वीसेक टक्के वाया जातात, म्हणजे १३५० लागतील, म्हणजे साडेतीनशे वॅट. लिथियमला तीनशे. पावसाळ्यात हा आकडा निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. धूळही बघा: कापूस-सोयाबीनच्या हंगामात कच्च्या रस्त्याने गाडी नेली की पॅनेलवर पूर्ण थर बसतो. सकाळी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा बरंच जास्त असेल, घराच्या छतावरच्या मोठ्या पॅनेलसारखं, तर एमपीपीटी कंट्रोलरच घ्या, तो जादा व्होल्टेजचं चार्जिंगच्या करंटमध्ये रूपांतर करतो. दुसऱ्या प्रकारचा, पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्यातली बरीच वीज वाया घालवतो.

गाडी चालू असताना अल्टरनेटरवरून चार्ज होत नाही का?

होते, पण लोकांना वाटतं तितकी नाही. बीएस-६ च्या कितीतरी गाड्यांत अल्टरनेटर गाडीच्या गरजेनुसार व्होल्टेज वर-खाली करतो, त्यामुळे दुसरी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. लिथियमची अडचण उलटी: ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. दोन्हीला उपाय एकच, मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरची वीज ठरावीक व्होल्टेज आणि करंटने बॅटरीला देणारा. तीस अँपिअरचा चार्जर असेल तर जालना ते नागपूर समृद्धीने जाताना रात्रीचा वापर बऱ्यापैकी भरून येतो.

आमची दिंडी पायी जाते, टेम्पो पुढे जाऊन मुक्कामाला थांबतो. आम्ही काय करावं?

हा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण दिंडीवाल्यांना बहुतेक दुकानदार सगळ्यात मोठी बॅटरी देऊन मोकळे होतात.

हिशेब करू. बारा व्होल्टचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे, हरिपाठ आणि कीर्तन मिळून सहा तास, सरासरी साठ वॅट: ३६०. नऊ वॅटचे चार एलईडी पाच तास: १८०. आणि मोबाइल: एका मोबाइलला साधारण १५ वॅट-तास, तीस वारकऱ्यांचे ४५०. म्हणजे स्पीकरपेक्षा मोबाइलच जास्त खातात. बेरीज ९९०. म्हणजे ८२ एएच रोज, म्हणजे १८० ते २०० एएचची लेड-अ‍ॅसिड.

पण टेम्पो दिवसाला वीसेक किलोमीटरच चालतो, तोही सावकाश, आणि मग इंजिन बंद. तेवढ्यात ८२ एएच परत भरत नाहीत. आषाढात आभाळ भरलेलं, सोलरवरही भरवसा नाही. म्हणून दिंडीला माझा सल्ला असा: मुक्कामाच्या गावात, देवळात किंवा शाळेत रात्री विजेचा पॉइंट मिळतोच, तिथे २० अँपिअरचा चांगला चार्जर लावा. पाच तास मुख्य भरणा, वरचे दोन-तीन तास शेवटची भर. रात्री दहाला लावलं की पहाटे काकड्याला तयार. त्यासाठी तीस मीटरची जाड केबल सोबत ठेवा, कारण पॉइंट कधीच टेम्पोजवळ नसतो. आणि वीज गेली तर अडू नये म्हणून टपावर दोनशे वॅटचं पॅनेल, तेवढ्यावर निदान मोबाइल निघतात.

चार्जिंग चालू असताना बॅटरीजवळ धूप, समई, विडी काही नको. पुढच्या प्रश्नात कारण आहे.

बॅटरी झोपायच्या जागेखाली ठेवली तर धोका आहे का?

पाणी टाकायच्या बॅटरीतून चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन निघतो. हवेत चार टक्के झाला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. हायड्रोजन हलका, वर जातो, म्हणून कप्प्याला वरच्या बाजूने गाडीबाहेर जाणारी नळी हवीच, आणि खालून हवा आत यायला जागा. माणसं झोपतात त्या बंद जागेत अशी बॅटरी मी बसवत नाही. एजीएम आणि लिथियमला हा त्रास साधारणपणे नाही, पण एजीएमसुद्धा अति चार्ज झाली तर गॅस सोडते. वाऱ्याची सोय सगळीकडे ठेवा.

गॅसपेक्षा जास्त गाड्या वायरिंगने जळतात. १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर बारा व्होल्टच्या बॅटरीतून ९५ अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याला २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल लागते, लांबीला कमीत कमी. घराच्या वायरिंगची चार चौरस मिलिमीटरची वायर तिथे वापरली की इन्सुलेशन वितळतं. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज. केबलच्या टोकाला बसतं ते थिंबल, दाबायचं यंत्र असलेल्याकडूनच दाबून घ्या, हातोडीने ठोकलेलं थिंबल आज घट्ट दिसतं, खड्ड्यांनी सैल होतं आणि मग तापतं.

एसी चालेल का?

एक टनचा इन्व्हर्टर एसी रात्रभर चालवायला पाच-साडेपाच हजार वॅट-तास लागतात. म्हणजे शंभर एएचच्या लिथियम बॅटऱ्या किमान पाच. पैसे असतील तर करा, पण आपला उन्हाळा कोरडा आहे, बारा व्होल्टचा छोटा कूलर पन्नासेक वॅटमध्ये छान गारवा देतो. पाऊस पडून हवा दमट झाली की मात्र तो निकामी.

मिक्सर चालतो, पाच मिनिटांचा खेळ आहे. इंडक्शन शक्यतो नको, गॅसवरच चहा करा. आणि इन्व्हर्टर वापरात नसेल तेव्हा बटन बंद करा. रिकामा चालू ठेवला तरी तो दहा-वीस वॅट खातो, म्हणजे दिवसाला कमीत कमी २४० वॅट-तास. जवळजवळ पंख्याएवढा खर्च, फुकट.

होडीला विजेची मोटर लावायची आहे. शंभर एएचवर किती वेळ चालेल?

बारा व्होल्टवर साधारण ५५ पाउंड थ्रस्टपर्यंतच्या (थ्रस्ट म्हणजे होडी ढकलायचा जोर) मोटरी येतात, आणि ५५ पाउंडाची मोटर पूर्ण वेगाला ५० अँपिअरच्या आसपास घेते. शंभर एएचची एजीएम इतक्या घाईने उपसली की पूर्ण शंभर देतच नाही. निम्मीच वापरायची ठरवली तर अर्ध्या-पाऊण तासात थांबावं लागेल. तेवढीच लिथियम दीड तासापेक्षा थोडी जास्त ओढते. पण वेग निम्मा केला की करंट कितीतरी पटीने उतरतो, आणि तीच बॅटरी बराच वेळ पुरते. मासेमारीला, पक्षी बघायला निम्मा वेगच लागतो.

नाथसागर मोठं पाणी आहे. जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये पुरं झालं, जलाशय पन्नासेक किलोमीटर लांब पसरला आहे. दुपारनंतर वारा सुटला की लाटा उठतात, आणि परतीचा रस्ता वाऱ्याविरुद्ध असेल तर मोटर दुप्पट खाते. म्हणून एक तृतीयांश बॅटरी संपली की परत फिरा, आणि वल्ही होडीत हवीतच. तिथल्या भोई मंडळींना वाऱ्याची वेळ नेमकी माहीत असते, निघण्याआधी विचारा. जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, म्हणून होडी उतरवण्याआधी वनखात्याकडे परवानगीची चौकशी करा.

बॅटरी होडीच्या मध्यभागी, तळाशी, झाकणाच्या डब्यात, पट्ट्याने बांधलेली. कोकणात खाऱ्या पाण्यात नेणार असाल तर कलई केलेली तांब्याची वायर लावा, साधी हिरवी पडते.

दोन बॅटऱ्या जोडताना काय पाहायचं?

एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच महिन्यातल्या. जुनीला नवीन जोडली की नवीही जुनीच्या पायरीवर येते. पॅरलल, म्हणजे पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हला निगेटिव्ह जोडताना इन्व्हर्टरचा पॉझिटिव्ह पहिल्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्या बॅटरीवरून घ्या, म्हणजे दोघींवर सारखा भार येतो. लोड दीड-दोन हजार वॅटच्या पुढे असेल तर २४ व्होल्टची मांडणी करा, करंट निम्मा होतो आणि केबलचा खर्च वाचतो. लिथियम सिरीजमध्ये, म्हणजे एकीच्या पॉझिटिव्हला दुसरीचा निगेटिव्ह, जोडण्याआधी त्या बॅटरीच्या माहितीपत्रकात परवानगी आहे का बघा.

खरेदीच्या वेळी दुकानात काय तपासू?

तयार झाल्याची तारीख आधी. सहा महिन्यांपेक्षा जुना लेड-अ‍ॅसिडचा साठा नको, विशेषतः उन्हाळा दुकानात काढलेला. वजन: शंभर एएचची लिथियम सहा-सात किलोची निघाली तर आत शंभर एएच नाही. जुन्या वाहनांच्या सेलपासून बांधलेल्या बॅटऱ्या नव्या स्टिकरखाली विकल्या जातात, म्हणून सेलचा प्रकार, बीएमएसचा अँपिअर आणि पक्कं बिल मागा. वॉरंटी “३६ अधिक २४ महिने” अशी असेल तर पहिल्या भागात बॅटरी बदलून मिळते, दुसऱ्या भागात नव्या बॅटरीवर फक्त सूट मिळते. घरगुती वापराची बॅटरी गाडीत लावली तर काही कार्डांवर वॉरंटी रद्द होते, ते बारीक अक्षर तिथेच वाचून घ्या.

गाडीत एवढे बदल केले तर आरटीओची अडचण येईल का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. पट्ट्याने बांधलेली, काढता येणारी बॅटरी आणि पक्की मोठी फेरबांधणी यात फरक आहे. सीट काढून कायमचे पलंग, छत उंच करणं असलं काही करणार असाल तर काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा. विम्याच्या कंपनीलाही कळवा, नाहीतर वायरिंगमुळे आग लागल्यावर दावा अडकतो.

सहली वर्षातून दोनच. मधले महिने बॅटरी कशी ठेवू?

लेड-अ‍ॅसिड पूर्ण भरून, निगेटिव्ह वायर काढून, सावलीत. उन्हाळ्यात ती आपोआप भराभर उतरते, म्हणून महिन्यातून एकदा चार्जर लावा. लिथियम निम्मी भरलेली ठेवा, पूर्ण भरून मेच्या उकाड्यात ठेवू नका. सोलर कंट्रोलर, गाडीचं जीपीएस अशा गोष्टी गुपचूप थोडं-थोडं खात राहतात, म्हणून मेन स्विच बंद करा.

जुनी बॅटरी कुठे द्यायची? भंगारवाला जास्त देतो.

जिथून नवी घेता तिथेच द्या, जुनीची किंमत वजा होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून रीसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. उघड्यावर फोडणारा माणूस अ‍ॅसिड जमिनीत ओततो आणि शिसं भट्टीत वितळवतो. ते अ‍ॅसिड आसपासच्या विहिरीत मुरतं, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमचं नुकसान करते. लिथियमची फुगलेली किंवा ठोकरलेली बॅटरी घरात ठेवू नका, गाडीतून काढून मोकळ्या सावलीत ठेवा आणि विक्रेत्याला फोन करा.